कोर्टात आपल्या माणसाच्या वतीने उभे राहताना : गोव्यातल्या घरच्यांसाठी

गोव्यात जमिनीचा एकही कज्जा नसलेले घर शोधून काढावे लागेल. वाटेचा वाद, वाटणी, इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया), मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे) प्रकरण, काही ना काही चालूच असते, आणि ते इतकी वर्षे चालते की दावा सुरू झाला तेव्हा ठणठणीत असलेला माणूस मध्येच केव्हातरी विसरू लागतो, भ्रमात जातो किंवा अंथरुणाला खिळतो. मग कोर्टात त्याची बाजू कोणी सांभाळायची?

माझ्या मामांच्या कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) आपली जुनी वाट जाते असे म्हणत शेजाऱ्याने दावा घातला, तेव्हा मामांना डिमेन्शिया होऊन काही काळ लोटला होता. कोर्टाने त्या दाव्यापुरता मला त्यांचा गार्डियन, म्हणजे त्यांच्या वतीने दावा सांभाळणारा पालक, नेमला. त्या निमित्ताने जे समजले ते इथे क्रमाने मांडतो. मी वकील नाही, तेव्हा तुमच्या प्रकरणात शेवटचा शब्द तुमच्या वकिलाचाच. पण पहिल्या भेटीला जाताना एवढे माहीत असले तर त्यांचा आणि तुमचा बराच वेळ वाचेल.

१. गार्डियनची गरज खरेच आहे का, ते आधी बघा

वय झाले, ऐकू येत नाही, लिहिता-वाचता येत नाही, पक्षाघाताने बोलणे गेले, यांतल्या कशानेही माणूस कायद्याच्या दृष्टीने असमर्थ ठरत नाही. अर्धांगवायूने जीभ गेलेली पण सगळे समजणारी आजी मानेने हो-नाही सांगू शकत असेल, तर तिचा आवाज काढून घ्यायचा अधिकार कोणालाच नाही. तिच्यासाठी दुभाष्या मागा. प्रवास झेपत नसेल तर घरी येऊन साक्ष नोंदवणारा कोर्ट कमिशनर मागा. अशा आजाऱ्यांसाठी तशी सोय कायद्यात आहे.

मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत एवढ्यावरही काही ठरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तसे स्पष्ट म्हटले आहे. गोळ्या घेऊन नोकरी-धंदा करणारी कितीतरी माणसे आपल्या आजूबाजूला आहेत. ती आपला दावा स्वतः चालवू शकतात.

घरच्या घरी कसोटी लावायची तर तीन गोष्टी पाहा. भांडण कशाचे आहे ते त्यांना समजते का? वकिलाला काय करायचे ते सांगता येते का? आज घेतलेला निर्णय चार दिवसांनी विचारला तरी तोच राहतो का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी येऊ लागली, की पुढचे वाचा.

२. योग्य दार निवडा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘गार्डियनशिप काढायची आहे’ असे सांगत लोक कोर्टाच्या पायऱ्या चढतात. पण या एकाच नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीचा कागद दुसरीकडे चालत नाही.

*चालू किंवा होऊ घातलेला दिवाणी दावा.* यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३२ आहे. मुळात तो अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांसाठी. पण त्यातला नियम १५ तीच व्यवस्था मानसिक असमर्थतेमुळे स्वतःचे हित जपू न शकणाऱ्या मोठ्या माणसांना लावतो. असा माणूस वादी असेल तर त्याच्या वतीने ‘नेक्स्ट फ्रेंड’ म्हणजे वादमित्र दावा चालवतो. प्रतिवादी असेल तर कोर्ट दाव्यापुरता गार्डियन नेमते. आधी कुठल्या कोर्टाने त्याला वेडा ठरवलेले असण्याची गरज नाही. दावा चालवणारे कोर्ट स्वतः चौकशी करून ठरवू शकते. दावा अर्ध्यावर असताना माणसाची अवस्था बिघडली तरी हाच मार्ग. हा लेख मुख्यतः याबद्दलच आहे.

*बँक, पेन्शन, घरविक्री.* दाव्यापुरत्या गार्डियनचा आदेश घेऊन बँकेत गेलात तर मॅनेजर तो परत करील, आणि त्याचे बरोबरच असेल. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी पालक किंवा व्यवस्थापक नेमून घेण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्यात ते प्रकरणच नाही. म्हणून कोमात गेलेल्या किंवा पूर्ण भान हरपलेल्या माणसांसाठी घरचे लोक राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. आपल्यासाठी ते न्यायालय पर्वरीला. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी पत्नीला, मुलांना असे पालक नेमले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ खाली ‘मर्यादित पालक’ही नेमता येतो. तो ठरावीक निर्णयांसाठी, ठरावीक काळासाठी असतो आणि शक्य तिथे त्या व्यक्तीच्या इच्छेने चालणारा असतो.

*ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेली अठरा वर्षांवरची मुले.* यांच्यासाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. समितीवर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. वडिलांच्या डिमेन्शियासाठी हे दार ठोठावू नका, तो आजार या कायद्यात बसत नाही.

*उपचार.* २०१७ च्या कायद्याखाली नेमलेला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ फक्त मानसिक उपचारांबाबतच्या निर्णयांसाठी असतो. जमिनीशी किंवा दाव्याशी त्याचा संबंध नाही.

३. जुन्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका

‘बाबांनी आजारी पडायच्या आधीच माझ्या नावाने पॉवर ऑफ अटर्नी केली आहे, मग काय प्रश्न?’ हे वाक्य ऐकले नाही असा वकील गोव्यात मिळणार नाही.

प्रश्न असा, की करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्रही संपते. माणूस आजारी पडल्यावरही टिकून राहील असे मुखत्यारपत्र करण्याची सोय काही देशांत आहे, आपल्याकडे नाही. विदेशात राहणारी भावंडे नेमकी इथे फसतात, कारण त्यांनी तिकडची पद्धत पाहिलेली असते. समज गेल्यानंतर त्याच कागदावर विक्रीखत केलेत, तर पुढे कोणीही ते कोर्टात नेऊ शकतो. घेणारा तुमच्या मागे लागेल ते वेगळेच. त्या माणसाच्या मालमत्तेचे नुकसान होऊ नये एवढी तजवीज करणे मात्र मुखत्याराचे कर्तव्यच आहे, आणि तेवढे त्याने करावे.

याहून वाईट म्हणजे आजाऱ्याचा अंगठा धरून कागदावर उमटवणे. घरात दहा माणसे साक्षीला असली तरी असे करू नका. ज्या दिवशी तुम्ही कोर्टाला सांगाल की यांना काही कळत नाही, त्या दिवशी समोरचा वकील तोच कागद पुढे करून विचारील, ‘मग हा अंगठा कसा?’

४. समन्स आले की घड्याळ सुरू होते

बेलिफ येतो, आजोबा अंगणात आरामखुर्चीवर बसलेले असतात, ते हसून सही करतात आणि समन्स पंचांगाच्या घडीत ठेवून देतात. घरच्यांना कळते तेव्हा प्रकरण एकतर्फी चाललेले असते.

लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचे उत्तर, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. कारण दाखवल्यास कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते. गार्डियनची नेमणूक व्हायची आहे म्हणून स्वस्थ बसू नका. पहिल्याच तारखेला वकिलाकरवी कोर्टाच्या कानावर घाला की प्रतिवादीची ही अवस्था आहे आणि चौकशी व्हावी, आणि हे रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) आले की नाही ते बघून घ्या. एकतर्फी हुकूमनामा (डिक्री) होऊन गेला असेल तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जाची मुदतही ३० दिवसांचीच आहे, तेव्हा त्याच दिवशी वकील गाठा.

वादीलाही यात टाळाटाळ करून फायदा नाही. समोरच्या माणसाला समज नाही हे माहीत असून गार्डियनशिवाय मिळवलेला हुकूमनामा पुढे अपिलात किंवा अंमलबजावणीत कोसळू शकतो. म्हणून गार्डियन नेमण्याचा अर्ज वादीही करू शकतो, आणि शहाणा वादी करतो.

दाव्याचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मोबाइलमधल्या ई-कोर्ट्स ॲपमध्ये घालून ठेवा. पुढची तारीख आणि आदेश घरबसल्या दिसतात.

५. कोणी उभे राहायचे?

नियम सोपा आहे. उभा राहणारा सज्ञान हवा, शुद्धीवरचा हवा, त्याचे हित त्या माणसाच्या हिताच्या आड येता कामा नये. नेक्स्ट फ्रेंड त्याच दाव्यात प्रतिवादी नसावा, गार्डियन वादी नसावा. गार्डियन होणाऱ्याची लेखी संमती लागते, कोणाच्या गळ्यात हे काम परस्पर मारता येत नाही.

पण ‘हित आड येणे’ ही गोष्ट गोव्यात थोडी खोलात जाऊन पाहावी लागते. आपल्याकडे मुळात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे वडिलांच्या इस्टेटीच्या दाव्यात थोरला मुलगा पक्षकार असेल तर त्याची बायकोही आपोआप हितसंबंधी. घरची मंडळी म्हणतात, ‘मुलगे भांडताहेत ना, मग सुनेला उभी करू, ती बाहेरून आलेली, तटस्थ.’ ती तटस्थ नसते. नवऱ्याच्या वाट्यात तिचा अर्धा हिस्सा असतो. जावयाचेही तेच.

तेव्हा दावा कोणाविरुद्ध आहे ते आधी बघा. सगळे कुटुंब एका बाजूला आणि परका माणूस दुसऱ्या बाजूला असेल, तर मुलगा, सून, भाचा कोणीही चालतो. भांडण घरातल्या घरातच असेल, म्हणजे वाटणी किंवा इन्व्हेंटरी, तर वाटा मागणारे सगळेच बाद समजा. अशा वेळी आईकडचा एखादा नातेवाईक, निवृत्त शिक्षक, जुना कौटुंबिक स्नेही असा माणूस शोधा. तसा कोणीच मिळाला नाही तर कोर्ट आपल्या एखाद्या अधिकाऱ्याला गार्डियन नेमू शकते आणि त्याचा खर्च कोणी द्यायचा तेही ठरवू शकते. घरच्यांना हे अपमानाचे वाटते, पण भावाभावांत बोलणे बंद असलेल्या घरात मला तरी हाच मार्ग सगळ्यांत बरा वाटतो. निदान ‘तूच म्हाताऱ्याला फितवलेस’ हे ऐकावे तरी लागत नाही.

माझ्या बाबतीत समोरच्या वकिलांनी विचारलेच, ‘मामांच्या पश्चात हे कुळागर कोणाकडे जाणार?’ मामांना मूलबाळ नाही, त्यामुळे माझ्या आईचा वारसा लागतो. आम्ही ते लपवले नाही. प्रतिज्ञापत्रात आधीच लिहिले होते, आणि पुढे हेही की वाट आली तर नुकसान मामांचे तसेच आमचे, आली नाही तर फायदाही दोघांचा. हित एकाच दिशेचे असले की पुढे कधीतरी मिळू शकणारा वारसा आड येत नाही. तो लपवला असता तर मात्र कोर्टाचा विश्वास पहिल्याच दिवशी गेला असता.

आधीच एखाद्या अधिकृत प्राधिकरणाने पालक नेमलेला असेल तर पहिला मान त्याचा. त्याला डावलायचे तर कोर्टाला कारणे नोंदवावी लागतात.

६. कागद जमवा

- तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रमाणपत्र. मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्टचे, बांबोळीच्या आयपीएचबी (सरकारी मनोरुग्णालय) किंवा गोमेकॉमधले (गोवा मेडिकल कॉलेज) मिळाले तर उत्तम. खासगी डॉक्टरांचेही चालते, पण सरकारी प्रमाणपत्रावर हरकती कमी येतात.
- जुनी केस-पेपरे, स्कॅन, औषधांच्या चिठ्ठ्या, तारखांच्या क्रमाने.
- दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी (दिव्यांगांचे ओळखपत्र) कार्ड असेल तर.
- आजाऱ्याचे आणि गार्डियन होणाऱ्याचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दोघांचे नाते दाखवणारे जन्म किंवा विवाहाचे दाखले.
- गार्डियन होणाऱ्याची लेखी संमती आणि प्रतिज्ञापत्र.
- जवळच्या इतर नातेवाइकांची ना-हरकत. कायद्याने प्रत्येक वेळी लागतेच असे नाही, पण असली की काम सुरळीत होते.
- समन्स, वादपत्राची प्रत, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद), सर्व्हे प्लॅन.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्राबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण बहुतेक प्रकरणे तिथेच अडतात. ‘अमुक यांना डिमेन्शिया आहे’ एवढ्या एका ओळीचा उपयोग नाही. आजार कोणता, कधीपासून, कोणत्या चाचणीत काय आढळले, सुधारण्याची शक्यता किती, आणि मुख्य म्हणजे दाव्याचा विषय समजून वकिलाला सूचना देण्याची क्षमता आहे की नाही, हे त्यात यायला हवे. ‘कधीपासून’ हा मुद्दा विसरू नका. मधल्या काळातल्या सह्या आणि मुदती सगळ्या त्यावर तोलल्या जातात. दिव्यांगत्वाची टक्केवारी म्हणजे असमर्थतेचा पुरावा नाही. ८० टक्के शारीरिक दिव्यांग असलेला माणूस स्वतःचा दावा उत्तम चालवू शकतो.

नावांचा घोळ गोव्यात ठरलेला. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत आडनावाचे स्पेलिंग एक, आधारवर दुसरे, सर्व्हेच्या उताऱ्यात तिसरेच. ही सगळी नावे एकाच माणसाची आहेत असे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून ठेवा.

आणि ना-हरकती हव्या असतील तर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी मसुदे तयार ठेवा. मुंबई, पुणे, दुबईची सगळी भावंडे त्या एका आठवड्यात घरी असतात. आरती झाली, उकडीच्या वासाने घर भरले की सह्या करायला कोणी फारसे आढेवेढे घेत नाही. नोटरीला मात्र आधी सांगून ठेवा.

७. अर्ज आणि प्रतिज्ञापत्र

अर्ज वकील लिहितील. तुम्ही त्यात चार गोष्टी आहेत ना ते बघा: आजाऱ्याची अवस्था आणि तिचे पुरावे, प्रस्तावित गार्डियन कोण आणि त्याचे नाते, त्याचे हित आड येत नाही हे स्पष्ट विधान, आणि तो या कामाला योग्य आहे हे. आदेशाआधी आजारी माणसाला सांभाळणाऱ्याला नोटीस जाते आणि त्याची हरकत असेल तर ऐकून घेतली जाते. म्हणून मामा ज्या बहिणीकडे राहतात तिला अंधारात ठेवून भाच्याने अर्ज टाकावा, असे चालत नाही.

कोर्टाचे कागद बहुधा इंग्रजीत असतात. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी प्रतिज्ञापत्र कोकणीत किंवा मराठीत वाचून, समजावून घेतल्याशिवाय सही करू नये, आणि तसे समजावून दिल्याचा मजकूर खाली आहे ना ते बघावे.

८. चौकशीचा दिवस

नुसत्या प्रमाणपत्रावर न्यायाधीशांनी आदेश द्यावा, अशी अपेक्षा धरू नका. नियमातच चौकशी सांगितली आहे, आणि ती नीट होणे तुमच्याही फायद्याचे आहे. पुढे अपिलात कोणी बोट ठेवू शकत नाही. न्यायाधीश आजाऱ्याला पाहतात, प्रश्न विचारतात, गरज वाटली तर डॉक्टरांना साक्षीला बोलावतात किंवा सरकारी तपासणीला पाठवतात. समोरच्या पक्षाने मानसिक आजाराच्या पुराव्यालाच आव्हान दिले, तर २०१७ च्या कायद्याच्या कलम १०५ नुसार प्रकरण मानसिक आरोग्य मंडळाकडे अभिप्रायासाठी जाते. त्याचा वेळ हिशेबात धरा.

मामांना न्यायाधीशांनी चेंबरमध्ये बसवून घेतले आणि कोकणीतच विचारले, ‘जेवण जालें?’ मामा म्हणाले, जाले. कोणाबरोबर आलात? त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले, नाव मात्र माझ्या आजोबांचे घेतले. हा दावा कशाचा आहे ठाऊक आहे का, असे विचारल्यावर ते उठायला लागले. ‘म्हाका वचूंक जाय, माडयांक उदक सोडपाचें आसा.’ पोफळींना पाणी सोडायचे राहिले होते. न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे नोंदीत घेतले, वकिलांनी मानेनेच ‘पुरे’ असे सांगितले.

त्या दिवसासाठी काही व्यवहारी सूचना. उत्तरे पढवून नेऊ नका, आणि मुद्दाम गोंधळलेले दिसावेत म्हणून औषधही चुकवू नका. वकिलाला सकाळीच कोर्टापुढे विनंती करायला सांगा, म्हणजे प्रकरण लवकर पुकारले जाते. सोबत पाणी, बिस्किटे, बदलायचे कपडे, आणि रोज सांभाळणारे माणूस हवेच. प्रवास अजिबात झेपत नसेल तर डॉक्टरांचे तसे लेखी मत जोडून दुसरी सोय मागा.

९. नेमणूक झाली, आता काय करता येते आणि काय नाही

आता वकालतनाम्यावर तुम्ही सही करता, कैफियतीची सत्यता तुम्ही पडताळता, तारखांना तुम्ही जाता. ही नेमणूक अपिलात आणि अंमलबजावणीतही चालू राहते, प्रत्येक पायरीवर नवा अर्ज लागत नाही. पण ती त्या एका दाव्यापुरतीच. त्याच जमिनीचे म्युटेशन (नोंदीतला नावबदल) मामलेदारांकडे चालू असेल तर तिथे वेगळे सांगावे लागेल.

तडजोड मात्र कोर्टाच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. लोक अदालतीत किंवा मध्यस्थाकडे मिटले तरी परवानगी लागतेच, आणि ती रोजनाम्यात स्पष्ट नोंदवलेली हवी. तडजोड आजाऱ्याच्या हिताची आहे असे तुमचे प्रतिज्ञापत्र आणि वकिलाचे प्रमाणपत्र सोबत जोडायचे. परवानगीशिवाय केलेली तडजोड आजाऱ्याच्या बाजूने मोडता येते. समोरच्याला मात्र ती मोडता येत नाही.

आमचा दावा शेवटी मिटला. पोफळींच्या ओळींमधून मागितलेली वाट पाटाच्या कडेने हद्दीवर न्यायची, असे ठरले. सर्व्हेयरकडून नकाशा करून अर्जाला जोडला. न्यायाधीशांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: यात मामांना काय मिळते? शेजारधर्म, शांतता ही उत्तरे त्यांना पुरली नाहीत. किती पोफळी वाचतात, पाणी कुठून जाते, हे नकाशावर दाखवल्यावर परवानगी मिळाली. तुम्हीही असाच हिशेब घेऊन जा.

दाव्यातून पैसे मिळाले तर तेही परवानगीशिवाय उचलता येत नाहीत. कोर्ट ते ठेवीत ठेवायला सांगू शकते. काम सोडायचे असेल तर तेही आपल्या मनाने नाही. नेक्स्ट फ्रेंडला आधी आपल्या जागी योग्य माणूस द्यावा लागतो. आणि माणूस बरा झाला, जे मानसिक आजारात बऱ्याचदा घडते, तर गार्डियन दूर करून दावा त्याच्या हाती परत देण्याचा अर्ज लगेच करा. त्याला ताटकळत ठेवणे अन्याय आहे.

१०. इन्व्हेंटरी असेल तर

आजोबांच्या पश्चात वारसांची यादी, मालमत्तेची यादी, मूल्यांकन आणि वाटप करणारी ही प्रक्रिया आता गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्याखाली चालते. कायदा २०१२ चा, पण अंमलात आला डिसेंबर २०१६ मध्ये. वारसांपैकी एखादा असमर्थ असेल तर अर्जातच तसे सांगा. त्याच्यासाठी वेगळा प्रतिनिधी आणि शक्यतो वेगळा वकील घ्या. वारसांमध्ये लिलाव लागतो तेव्हा जो स्वतः बोली लावणार आहे त्याने दुसऱ्याचा गार्डियन म्हणून गप्प बसायचे, हे कोणत्याच कोर्टाला पटणार नाही. यादीतली मूल्ये आजाऱ्याच्या बाजूने कोणीतरी तपासायला हवीत. बहीण भोळी आहे, तिला भाटातला (माडांच्या बागेतला) एक कोपरा दिला की झाले, असा विचार करणारी घरे कमी नाहीत.

११. मुदतीचे गणित

अनेकांना वाटते की आजाऱ्याला मुदत लागूच होत नाही. अर्धे खरे. मुदत कायद्याचे कलम ६ सांगते की हक्क उद्भवला तेव्हाच माणूस असमर्थ असेल तर असमर्थता संपेपर्यंत मुदत थांबते. पण कलम ९ सांगते की एकदा मुदत धावू लागली की नंतर आलेल्या आजाराने ती थांबत नाही. म्हणजे शेजाऱ्याने अतिक्रमण केले तेव्हा वडील ठीक होते आणि दोन वर्षांनी विसरू लागले, तर काटा फिरतोच आहे. शंका असेल तर मुदत संपते असेच धरून चाला आणि नेक्स्ट फ्रेंडमार्फत दावा घाला.

१२. वकील आणि मोफत मदत

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीची माणसे यांना मोफत वकील मिळतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. अर्ज आजाऱ्याच्या नावाने करा. पात्रता त्याची बघतात, तुमची नाही.

स्वतः वकील नेमणार असाल तर पहिल्या भेटीत विचारा: आदेश ३२ चे काम केले आहे का? आणि हे पक्के लक्षात ठेवा की वकिलाचा पक्षकार तो आजारी माणूस आहे, फी तुम्ही देत असलात तरी.

१३. फौजदारी प्रकरण असेल तर

तिथे दाव्यापुरता गार्डियन नेमण्याची ही पद्धत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६७ पासून वेगळी प्रक्रिया आहे. आरोपी स्वतःचा बचाव करू शकत नाही असे दंडाधिकाऱ्यांना वाटले, तर ते वैद्यकीय तपासणी करवतात आणि त्यानुसार पुढचे ठरवतात. गुन्ह्याच्या वेळची मनःस्थिती आणि आज खटल्याला सामोरे जाण्याची क्षमता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कागदपत्रे जमवताना दोन्ही काळांची जमवा.

१४. दावा चालू असताना माणूस गेला तर

त्या क्षणी तुमची नेमणूक संपते. तुम्ही वारस असलात तरी गार्डियन म्हणून पुढे सही करू शकत नाही. वारसांना दाव्यात आणण्याचा अर्ज ९० दिवसांत व्हावा लागतो, नाहीतर त्यांच्यापुरता दावा गळतो. मग तो पुन्हा उभा करण्यासाठी आणखी ६० दिवसांची मुदत आणि वेगळा अर्ज. मृत्यूचा दाखला मिळाला की त्याची प्रत वकिलाला द्या. स्पेशल नोटरीकडचा वारसाचा दस्त व्हायला वेळ लागतो. त्याची वाट न बघता मृत्यूच्या दाखल्यावर आणि वारसांच्या नावांवर अर्ज टाका, दस्त नंतर हजर करता येतो.